विश्लेषण : प्लॅन चौपट केला, तरी जुना टीव्ही अडखळतोच, दोष कुणाचा?

*घरातले वाय-फाय मंदावले की आपण आधी मोठा प्लॅन घेतो, मग नवे उपकरण. बऱ्याच घरांत दोन्हींची गरज नसते. अडचण असते ती दारापासून टीव्हीपर्यंतच्या वीस-पंचवीस फुटांत.*

रात्रीचे साडेआठ. बाहेरच्या खोलीत आईची मालिका ऐन रंगात आलेली आणि टीव्हीवर गोल चाक फिरत राहिलेले. आतल्या खोलीतून भाच्याची आरोळी : ‘‘मामा, परत लॅग!’’ त्याचे प्लेस्टेशन ४ सेकंडहँड, आईच्या टीव्हीला लावलेली स्ट्रीमिंग स्टिकही जुनीच. दोनच महिन्यांपूर्वी आम्ही ५० एमबीपीएसचा प्लॅन सोडून २०० चा घेतला होता. बिल वाढले, चाक मात्र तसेच फिरत राहिले.

मदतवाहिनीवर फोन केला. ‘‘सर, तुम्ही ३०० चा प्लॅन घ्या,’’ असे उत्तर मिळाले. मग तंत्रज्ञ आला. त्याने राउटरखाली उभे राहून आपल्या मोबाइलवर वेग मोजला. १९० च्या आसपास आकडा आला. ‘‘काका, स्पीड पूर्ण येतोय. टीव्हीच जुना झालाय तुमचा,’’ म्हणाला आणि गेला. तो खोटे बोलला नव्हता. वेग पूर्ण येत होता, पण राउटरपर्यंत. तिथून पुढे टीव्हीपर्यंत किती पोहोचतो, हे कुणी मोजलेच नव्हते.

हा अनुभव अनेक घरांतला आहे. त्यातून निघणारा सल्लाही ठरलेला असतो : प्लॅन वाढवा, नाहीतर उपकरण बदला. माझे म्हणणे असे की हा सल्ला बहुतेक वेळा चुकीच्या क्रमाने दिला जातो. आधी घर तपासावे, मग राउटर, मग प्लॅन आणि अगदी शेवटी उपकरण.

दोन वेगळे रस्ते कोणते?

सोसायटीची टाकी काठोकाठ भरलेली असली, तरी स्वयंपाकघरातला पाइप अर्ध्या इंचाचा आणि गंजलेला असेल, तर नळाला करंगळीएवढीच धार येते. टाकी मोठी करून उपयोग नसतो. इंटरनेटचेही तसेच आहे. कंपनीच्या केंद्रापासून तुमच्या राउटरपर्यंतचा एक रस्ता, राउटरपासून उपकरणापर्यंतचा दुसरा. प्लॅनचे पैसे आपण पहिल्या रस्त्यासाठी मोजतो. जुनी उपकरणे अडकतात ती दुसऱ्यावर.

त्यामुळे पहिली पायरी मोजण्याची, आणि तीही योग्य जागी. राउटरजवळ मोबाइलवर मोजलेला वेग फक्त पहिला रस्ता दाखवतो. प्लेस्टेशन ४ मध्ये सेटिंग्ज, नेटवर्क आणि मग ‘टेस्ट इंटरनेट कनेक्शन’ असा पर्याय आहे. टीव्हीवर ब्राउझर असेल, तर फास्ट डॉट कॉम उघडता येते. राउटरजवळ १९० आणि उपकरणावर ८ असे आकडे आले, तर प्लॅन वाढवण्याचा विचार तिथेच सोडून द्यावा.

मुळात वेग लागतो तरी किती?

आपण समजतो त्यापेक्षा बराच कमी. नेटफ्लिक्सची स्वतःची शिफारस पाहा : एचडी म्हणजे ७२० पी साठी ३ एमबीपीएस, फुल एचडीसाठी ५ आणि फोर-के साठी १५. जुना टीव्ही बहुधा फुल एचडीच असतो. म्हणजे त्याला अखंड ५ एमबीपीएस मिळाले तरी मालिका न थांबता चालते. यातला ‘अखंड’ हा शब्द महत्त्वाचा. क्षणभर ४० आणि पुढच्या क्षणी शून्य, यापेक्षा सलग ८ कितीतरी बरे.

ऑनलाइन खेळताना तर त्याहूनही कमी डेटा लागतो. तिथे बटण दाबल्यावर संदेश सर्व्हरपर्यंत जाऊन उत्तर यायला लागणारा वेळ महत्त्वाचा. त्यालाच पिंग म्हणतात. तो मिलिसेकंदांत मोजतात आणि स्थिर राहिला तरच खेळ सुरळीत चालतो. २०० चा प्लॅन ३०० चा केल्याने पिंग आपोआप सुधारत नाही.

वेगाची खरी भूक लागते ती गेम डाउनलोड करताना. इथे हिशेब नीट समजून घ्यावा. प्लॅनमधला आकडा मेगाबिटचा असतो, फाइलचा आकार मेगाबाइटमध्ये मोजतात आणि एका बाइटमध्ये आठ बिट असतात. १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला साडेबारा मेगाबाइट. ४० जीबीचा गेम २० एमबीपीएसने उतरवायला साधारण साडेचार तास लागतात, ८० एमबीपीएसने तासाभराच्या थोडे वर. रात्री लावून झोपले की हा प्रश्नही निम्मा सुटतो.

जुन्या उपकरणांची मर्यादा नेमकी कुठे?

वाय-फायच्या पिढ्या आहेत. २००३ मधल्या ‘८०२.११ जी’ या पिढीचा कागदोपत्री कमाल वेग ५४ एमबीपीएस. २००९ मध्ये आली ‘एन’, त्यानंतर ‘एसी’, मग ‘एएक्स’. ही अक्षरे सामान्य ग्राहकाला कळेनात, म्हणून २०१८ मध्ये वाय-फाय अलायन्सने त्यांना वाय-फाय ४, ५ आणि ६ अशी सोपी नावे दिली.

आता घरातली यंत्रे पाहू. २००६ च्या प्लेस्टेशन ३ चे वाय-फाय ‘जी’ पिढीचे. २००५ च्या मूळ एक्सबॉक्स ३६० मध्ये अंगभूत वाय-फायच नव्हते. २०१३ चे पहिले प्लेस्टेशन ४ ‘एन’ पिढीचे, आणि तेही फक्त २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर चालणारे. ५ गिगाहर्ट्झ त्याला दिसतच नाही. ती सोय २०१६ च्या स्लिम आणि प्रो या आवृत्त्यांत आली. २०१३ चे पहिले क्रोमकास्टही २.४ वरच अडकलेले.

सेकंडहँड बाजारात मूळ पीएस ४ आणि स्लिम शेजारी शेजारी मांडलेले असतात. गेम दोन्हींवर तेच चालतात, वाय-फायमध्ये मात्र एका पिढीचे अंतर आहे. घेताना हे विचारणारा गिऱ्हाईक विरळाच.

एका अँटेनाचे ‘एन’ उपकरण नेहमीच्या २० मेगाहर्ट्झ रुंदीवर कागदावरच जेमतेम ७२ एमबीपीएसने जोडले जाते. प्रत्यक्षात हाती येतो तो निम्म्याच्या आसपास, आणि मध्ये भिंती असल्या की आणखी कमी. अशा यंत्रासाठी ३०० चा प्लॅन घेणे म्हणजे अरुंद बोळात राहणाऱ्याने ट्रक विकत घेण्यासारखे आहे.

२.४ वर एवढी गर्दी का?

२.४ गिगाहर्ट्झच्या लहरी भिंतीतून तुलनेने सहज जातात आणि लांब पोहोचतात. हाच गुण शहरी इमारतीत दोष ठरतो, कारण शेजाऱ्याच्या लहरीही तशाच आपल्या घरात येतात. या पट्ट्यात भारतात १३ चॅनेल वापरता येतात, पण ते एकमेकांवर चढलेले आहेत. एकमेकांना न अडवणारे फक्त तीन : १, ६ आणि ११. एका मजल्यावर चार सदनिका, वर-खाली तेवढ्याच, प्रत्येकीत एक राउटर. म्हणजे डझनभर घरे तीन चॅनेलवर. त्यात ब्लूटूथ याच पट्ट्यात, मायक्रोवेव्ह ओव्हनही याच पट्ट्यात. रात्री साडेआठला शेजारी जेवण गरम करतात आणि आपले चाक फिरू लागते, हा निव्वळ योगायोग नसतो.

आणखी एक चोर सहसा लक्षात येत नाही. यूएसबी ३.० ची बाह्य हार्ड डिस्क आणि तिची केबल २.४ च्या पट्ट्यात गोंगाट करते, हे इंटेलने २०१२ मध्येच दाखवून दिले होते. पीएस ४ ला जागा कमी पडते म्हणून आपण नेमकी तशीच डिस्क जोडतो आणि ती यंत्राला चिकटून ठेवतो. डिस्क हातभर दूर ठेवून पाहा.

५ गिगाहर्ट्झवर चॅनेल जास्त, गर्दी कमी आणि वेग अधिक. ऑक्टोबर २०१८ मध्ये केंद्र सरकारने या पट्ट्यातील परवानामुक्त वापराची कक्षाही वाढवली. दोष एकच : हा पट्टा आरसीसी भिंतीसमोर लवकर दमतो.

एक जुने यंत्र सगळ्यांना मागे खेचते का?

काही अंशी हो. वाय-फायमध्ये एका चॅनेलवर एका वेळी एकच जण बोलू शकतो. अरुंद घाटात एकेरी वाहतूक चालू असताना पुढे उसाने भरलेला ट्रॅक्टर आला, तर मागची नवी गाडीही त्याच्याच चालीने चालते. ३०० एमबीपीएसने जोडलेला मोबाइल जे काम एका क्षणात उरकतो, त्याला ६ ने जोडलेले यंत्र ५० पट वेळ हवा अडवून ठेवते.

पण यात दोष वयापेक्षा अंतराचा अधिक. तेच जुने यंत्र राउटरजवळ आणले की ते वरच्या वेगाने जोडले जाते आणि कमी वेळ अडवते. शिवाय नवे मोबाइल, लॅपटॉप ५ वर हलवले की २.४ चा घाट जुन्यांसाठी मोकळा होतो. म्हणून घरातल्या नव्या उपकरणांची सोय ही जुन्यांसाठीची पहिली मदत ठरते.

एकही रुपया न खर्चता काय करता येईल?

राउटरची जागा आधी पाहा. तंत्रज्ञ तो तिथेच बसवतो जिथे केबल घरात शिरते : दारावर, चपलांच्या कपाटावर, कधी मीटरच्या पेटीशेजारी. त्याचे काम लवकर होते, आपले वर्षानुवर्षे अडते. राउटर घराच्या मध्याकडे, उंचावर आणि उघड्यावर हवा. लोखंडी कपाट, फ्रिज, मोठा आरसा आणि माशांची टाकी हे लहरींचे शत्रू. टीव्हीच्या मागे दडवलेला राउटर दिसायला छान, चालायला वाईट.

दुसरे, दोन्ही पट्ट्यांना वेगळी नावे द्या. हल्लीचे राउटर २.४ आणि ५ एकाच नावाखाली ठेवतात आणि कुणाला कुठे पाठवायचे ते स्वतः ठरवतात. नव्या मोबाइलला ते जमते, जुनी स्टिक मात्र अनेकदा गोंधळते. तिला ५ दिसत असेल आणि राउटर त्याच किंवा शेजारच्या खोलीत असेल, तर ५ वर, नाहीतर २.४ वर पक्के बसवा.

तिसरे, २.४ वर १, ६ किंवा ११ पैकी सर्वांत मोकळा चॅनेल निवडा आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. काही जुन्या उपकरणांना १२ आणि १३ क्रमांकाचे चॅनेल दिसत नाहीत, हेही लक्षात असू द्या. ५ वर जुन्यांना ३६ ते ४८ हे चॅनेल सहसा मानवतात.

चौथे, नवा राउटर आल्यावर जुने यंत्र जोडलेच जात नसेल, तर सुरक्षेची निवड तपासा. केवळ डब्ल्यूपीए ३ निवडलेले असेल, तर जुने यंत्र दारातूनच परत फिरते. डब्ल्यूपीए २ किंवा दोन्हींचा मिश्र पर्याय ठेवावा.

पाचवे, स्टिक टीव्हीच्या पाठीला थेट खोचली की टीव्हीचा धातू लहरी अडवतो. अनेक स्टिकसोबत छोटी एचडीएमआय जोडपट्टी येते आणि ती डब्यातच राहते. ती लावून स्टिक थोडी बाहेर काढा.

मग सर्वांत खात्रीचा उपाय कोणता?

केबल. ती दिसायला गबाळी वाटते आणि म्हणून आपण टाळतो. पण प्लेस्टेशन ३ असो वा ४, वाय-फाय कितीही जुने असले तरी दोघांच्याही पाठीला गिगाबिट लॅनची जागा आहे. म्हणजे ज्या यंत्राला आपण म्हातारे म्हणतो, त्याचे फक्त वाय-फाय म्हातारे आहे. कॅट ५ ई प्रतीची साधी केबल १०० मीटरपर्यंत गिगाबिट वेग नेते. घरातल्या दहा-पंधरा मीटरला काहीशे रुपये पुरतात. भिंतीच्या कडेने केसिंग पट्टी मारली की ती डोळ्यांत खुपत नाही.

अनेक टीव्हींचा लॅन पोर्ट फक्त १०० एमबीपीएसचा असतो. त्याची काळजी करू नये, फोर-के ला १५ पुरतात. स्टिकच्या अनेक मॉडेलसाठी लॅनचा वेगळा जोड मिळतो. खेळणाऱ्यांसाठी तर केबलला पर्याय नाही. पिंग स्थिर होतो आणि शेजाऱ्याच्या ओव्हनचा संबंध संपतो.

केबल शक्यच नसेल, तर रिपीटर घेताना सावध राहा. साधा रिपीटर एकाच पट्ट्यावर ऐकतो आणि त्याच पट्ट्यावर पुन्हा बोलतो, त्यामुळे वेग साधारण निम्मा होतो. शिवाय लोक तो टीव्हीजवळ लावतात, जिथे मुळातच सिग्नल नसतो. तो मध्यावर हवा. त्यापेक्षा घरात पडून असलेला जुना राउटर केबलने जोडून आतल्या खोलीत ॲक्सेस पॉइंट म्हणून वापरणे स्वस्तही आणि चांगलेही. दोन मजली किंवा लांबट घर असेल, तर मेश संचाचा खर्च योग्य ठरतो.

वेग आहे, तरी लॅग का?

कारण अपलोड. सीसीटीव्ही कॅमेरा सतत चित्र वर पाठवतो. लग्नाहून परतलेल्या कुणाच्या मोबाइलवरून शेकडो फोटो बॅकअपला जात असतात. राउटरच्या दारात रांग लागते आणि खेळाचा इवलासा संदेश त्या रांगेत शेवटी उभा राहतो. चांगल्या राउटरमध्ये क्यूओएस नावाची सोय असते. तिच्यात गेमिंग यंत्राला किंवा टीव्हीला प्राधान्य देता येते. ती नसेल, तर फोटोंचा बॅकअप मध्यरात्रीवर ढकला. यासाठी नवा प्लॅन लागत नाही, घरात पाच मिनिटे बोलणे लागते.

जुन्याला निरोप कधी द्यावा?

‘जुने टिकवा’ याचा अर्थ काहीही झाले तरी टिकवा असा नाही. ज्या यंत्राला फक्त डब्ल्यूईपी ही जुनाट सुरक्षा कळते, त्याच्यासाठी सगळ्या घराचे कुलूप ढिले करू नये. ज्या टीव्हीवर ॲपच चालेनासे झाले, त्याला वेग देऊन काय उपयोग? मात्र अशा वेळीही सगळा टीव्ही बदलायचे कारण नाही, एक नवी स्टिक पुरते. अपडेट बंद झालेली यंत्रे राउटरच्या पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या नेटवर्कवर ठेवावीत आणि त्यांच्यावर बँकेचे व्यवहार करू नयेत. टाकायची वेळ आलीच, तर ती ई-कचरा संकलनात द्यावीत. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नव्या नियमांनी उत्पादकांवर तशी जबाबदारी टाकली आहे.

कंपन्यांनी काय करायला हवे?

जानेवारी २०२३ मध्ये दूरसंचार विभागाने ब्रॉडबँडची व्याख्या बदलली आणि किमान वेग ५१२ केबीपीएसवरून २ एमबीपीएस केला. व्याख्या जोडणीची आहे. घरात पोहोचणाऱ्या वेगाबद्दल ग्राहकाला कुणीच काही सांगत नाही. जाहिरातीत ठळक आकडा प्लॅनचा असतो. सोबत मिळणारा राउटर कोणत्या पिढीचा, हे बारीक अक्षरांतही सापडेलच असे नाही.

अपेक्षा फार मोठी नाही. राउटर बसवताना तंत्रज्ञाने घरात पाच मिनिटे फिरावे, टीव्हीजवळ वेग मोजावा आणि जागा सुचवावी. राउटरच्या सेटिंगचा पासवर्ड ग्राहकाला द्यावा. तक्रार आली, तर प्लॅन विकण्याआधी ‘टीव्हीपाशी किती येतो?’ हा एक प्रश्न विचारावा. प्लेस्टेशन असो वा स्टिक, विकणाऱ्याने खोक्यावर वाय-फायची पिढी आणि पट्टा ठळक लिहावा.

हे का महत्त्वाचे? घरातले नवे उपकरण कमावत्या माणसाच्या हातात असते. जुने उतरत उतरत आजीकडे, आईकडे, धाकट्या मुलाकडे जाते. वाय-फाय मंदावले की सर्वांत आधी त्यांचे चाक फिरते, आणि तक्रार करण्याची ताकद त्यांच्याकडेच सर्वांत कमी. ‘जुनेच आहे, चालायचेच’ असे म्हणून ती माणसे गप्प बसतात. त्यांच्यासाठी उपाय बहुधा काहीशे रुपयांच्या आत असतो. आपण तो शोधायची तसदी घेत नाही, कारण आपल्या मोबाइलवर सगळे नीट चाललेले असते.

आमच्या घरी शेवटी काय झाले? राउटर दारावरून काढून बोळातल्या भिंतीवर, उंचावर नेला. भाच्याच्या पीएस ४ ला बारा मीटरची केबल ओढली. आईची स्टिक ५ गिगाहर्ट्झवर बसवली आणि टीव्हीच्या पाठीमागून थोडी बाहेर काढली. एक रविवारची दुपार गेली, खर्च केबल आणि पट्टीचा. पुढच्या महिन्यात प्लॅन २०० वरून १०० वर आणला. फरक कुणालाही जाणवला नाही, बिलात तेवढा जाणवला.

आज रात्री घरातले सर्वांत जुने यंत्र सुरू करा आणि वेग त्याच्यापाशी मोजा. तो आकडा हातात आल्याशिवाय कुणाकडूनही मोठा प्लॅन घेऊ नका.